फुकट गेम आणि गोपनीयतेवरचा आळ

गेल्या चार-पाच वर्षांत मोबाइलच्या धंद्यातल्या माणसांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: प्रायव्हसीच्या खुळाने फुकटच्या गेमचे कंबरडे मोडले. ॲप बनवणारे तरुण हे सांगतात, अर्थविषयक पानांवर हेच छापून येते, आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या चर्चासत्रांत हे सिद्ध झालेले सत्य म्हणून गृहीत धरले जाते. मत लोकप्रिय आहे, मांडणीला सोपे आहे आणि माझ्या मते बव्हंशी चूक आहे. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. ती पाळू.

पूर्वपक्ष असा. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातल्या पोराच्या हातात दहा-बारा हजारांचा फोन असतो. गेमसाठी तो रुपया मोजणार नाही. मोजायचा म्हटला तरी घरचे मोजू देणार नाहीत. तरीही त्याला गेम मिळतो, तो जाहिरातींमुळे. जाहिरातदार पैसे देतो, कारण समोरचा कोण आहे हे त्याला थोडेफार ठाऊक असते. ते कळणेच बंद केले तर जाहिरातीचा भाव पडेल, गेमवाल्याचे उत्पन्न आटेल, छोटे गेमवाले आधी बुडतील आणि उरलेल्यांचे गेम विकत घ्यावे लागतील. म्हणजे गोपनीयता ही आयफोनवाल्यांची चैन आणि तिची किंमत भरणार जालन्याचा पोरगा. शिवाय त्याच्या माहितीत गुपित असे काय आहे? लुडो खेळतो, एवढेच ना! थोडी माहिती द्यावी, फुकट गेम घ्यावा. सौदा दोघांच्या सोयीचा.

ऐकायला हे नेटके वाटते. तपासू लागलो की मात्र यातले एकेक विधान हातात राहत नाही.

सुरुवात पैशापासून करू. नवी मुंबईच्या गेमशन टेक्नॉलॉजीज या कंपनीचा ‘लुडो किंग’ माहीत नाही असे घर जिल्ह्यात शोधावे लागेल. विकास जयस्वाल यांच्या या कंपनीने तो २०१६ साली आणला, आणि २०२० च्या टाळेबंदीत मामा पुण्यात, भाचे परतूरला आणि आत्या जाफराबादेत अडकलेली असताना सगळे एका पटावर खेळू लागले. खेळ फुकट. डाव संपला की पडदाभर जाहिरात. नाणी संपली की ‘व्हिडिओ बघा, नाणी मिळवा’. अशी प्रत्येक मोकळी जागा डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलावात निघते. जाहिरात-जाळ्याकडे निरोप जातो, बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते. भाव हजार वेळा दाखवण्याचा. या लिलावात फोनबरोबर एक लांबलचक आकडाही पाठवला जातो. तो म्हणजे ॲडव्हर्टायझिंग आयडी. अँड्रॉइड फोनला तो गूगल देते, आयफोनला ॲपल. त्याचे काम एकच: या ॲपमधला फोन आणि काल त्या दुसऱ्या ॲपमध्ये दिसलेला फोन एकच आहे, हे जुळवून देणे.

आता बोली कोण लावतो ते पाहा. फुकट गेममधल्या जाहिराती नीट बघितल्या तर त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्या गेमच्या असतात. एक गेम आपले खेळाडू दुसऱ्या गेमला विकतो, दुसरा तिसऱ्याला. हा व्यवहार परवडतो कसा? तर हजारो खेळाडूंत मूठभर असे निघतात, की जे गेममधली शस्त्रे, नाणी, आयुष्ये विकत घेण्यावर हजारो रुपये उधळतात. धंद्यात त्यांना ‘व्हेल’ म्हणतात. बाकी सगळे फुकटे. जाहिरात-आयडीचा सर्वांत मोठा उपयोग हे व्हेल हुडकण्यासाठी होता. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तो ध्यानात ठेवावा.

२६ एप्रिल २०२१ रोजी ॲपलने आयओएस १४.५ आणली. त्या दिवसापासून आयफोनवरच्या प्रत्येक ॲपला ‘तुमचा माग इतर कंपन्यांच्या ॲप्समध्ये आणि वेबसाइटवर काढू का?’ असे विचारणे भाग पडले. तोवर माग काढणे हा नियम होता आणि नकार देणाऱ्याने सेटिंगच्या गल्लीबोळांत नकाराचे बटण शोधायचे होते. विचारणा सुरू झाल्यावर मोठ्या संख्येने लोकांनी नाही म्हटले. विचारले असते तर आधीही म्हटले असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या वित्तप्रमुखांनी सांगितले, की या बदलाचा फटका त्या वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचा असेल. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर चौथ्या हिश्शाहून जास्त कोसळला. हे नुकसान खरे होते, ते मी नाकारत नाही. पूर्वपक्षाचा सगळा भार याच एका आकड्यावर आहे.

पण त्या आकड्याचे पुढे काय झाले, ते सांगायला कुणी थांबत नाही. मेटाचे उत्पन्न २०२२ साली ११६.६ अब्ज डॉलर होते. २०२३ मध्ये ते १३४.९ अब्जांवर गेले, २०२४ मध्ये १६४.५ अब्जांवर. गेममधल्या जाहिरातींचा मोठा अडत्या असलेल्या ॲपलव्हिन या अमेरिकी कंपनीचे उत्पन्न २०२२ मध्ये २.८ अब्ज डॉलर होते, ते २०२४ मध्ये ४.७ अब्ज झाले. रडारड चालू होती तेव्हा खातेवही फुगत होती. एकेका माणसाचा माग काढण्याऐवजी कोणत्या गेममध्ये, कोणत्या वेळी, कोणत्या तऱ्हेची जाहिरात चालते याचे गणित यंत्राकडून सोडवून घ्यायला या कंपन्या शिकल्या. सगळेच साजूक झाले असे नाही. फोनच्या बारीकसारीक खुणा जुळवून त्याची ओळख पटवण्याची चोरवाट ॲपलच्या नियमात निषिद्ध असूनही काहीजण वापरतात. तरी ‘आयडी गेला की जाहिरात मेली’ हे भाकीत खोटे ठरले, एवढे तरी मान्य करायला हवे.

आणि खरा फटका कुणाला बसला, याचे उत्तर मुंबईतच आहे. नझारा टेक्नॉलॉजीज ही नितीश मित्तरसेन यांची कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, ॲपलच्या बदलाच्या महिनाभर आधी. तिच्या ताब्यात पेपर बोट ॲप्स या मुंबईच्या कंपनीचे ‘किडोपिया’ हे लहान मुलांचे ॲप होते. अमेरिकेतले पालक त्याची वर्गणी भरत. ॲपलच्या बदलानंतर नवा वर्गणीदार मिळवण्याचा खर्च वाढला आणि किडोपियाची वाढ मंदावली, असे कंपनीनेच भागधारकांना सांगितले. आता यातली गंमत बघा. किडोपियात जाहिराती नसतातच. ते वर्गणीवर चालते. म्हणजे ज्याला झळ बसली ते जाहिरातींवर पोसलेले फुकट ॲप नव्हते, तर जाहिराती विकत घेऊन श्रीमंत देशातले ग्राहक गाठणारे ॲप होते. माग काढण्याची सोय मुख्यतः जाहिरात घेणाऱ्याची होती, दाखवणाऱ्याची नव्हे. ‘फुकट गेम बुडाले’ म्हणणारे नेमकी हीच गफलत करतात.

आता जालन्यात येऊ. भारतात वापरात असलेल्या फोनांपैकी सुमारे ९५ टक्के अँड्रॉइडचे आहेत. भोकरदन-बदनापूरकडे हे प्रमाण कमी असण्याचे कारण नाही. अँड्रॉइडवर ॲपलसारखी विचारणा येतच नाही. आयडी जन्मतः चालू असतो. एप्रिल २०२२ पासून तो पुसण्याची सोय गूगलने सर्व फोनांवर दिली, आणि पुसला की ॲपला नुसती शून्यांची माळ मिळते. पण ती सोय कुठे आहे हे माहीत असलेला माणूस हजारात एखादा भेटावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये गूगलने ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ अँड्रॉइडवरही आणणार असे जाहीर केले. आयडीला पर्याय काढायचा, जाहिरातीही चालू ठेवायच्या आणि मागही थांबवायचा, असा तो बेत होता. परिषदा झाल्या, लेख झाले, धंद्यातल्यांनी धसका घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने तो बेतच गुंडाळला. म्हणजे ज्या बदलाने आपल्याकडचे फुकट गेम बुडाले म्हणतात, तो बदल जालन्यात पोचलाच नाही. आयडी आजही जागच्या जागी आहे.

मग भारतातल्या गेमवाल्याला हजार जाहिरातींमागे इतके थोडे पैसे का मिळतात? कारण उघड आहे आणि त्याचा गोपनीयतेशी संबंध नाही. गेम डाउनलोड करण्यात भारत जगात पहिला, पण गेमवर खर्च करण्यात कुठल्या कुठे मागे. बोली खेळाडूच्या खिशाकडे बघून लागते. त्यात आपल्याकडे बराच काळ जाहिरातीच्या बाजारात चढी बोली लावणारे एक गिऱ्हाईक होते: पैसे लावून खेळायचे रमी, पोकर आणि फँटसी क्रिकेट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उठली, आणि पैशांचे गेम त्यांच्या जाहिरातींसकट बंद झाले. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून ‘ड्रीम ११’ त्याच महिन्यात उतरले. त्याआधी जुलैत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला, मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला गेम घालवत होतो, हा त्यांचा खुलासा. तो कुणी मानला, कुणी नाही. पण रमी न बोलावता पडद्यावर येते, या विधानात अशक्य असे काही नव्हते, इतके त्या जाहिरातींचे पेव फुटले होते. हा पैसा एका रात्रीत आटला. तो कायद्याने आटला, गोपनीयतेने नाही. आणि आटला ते बरे झाले असे जिल्ह्यातल्या पुष्कळ आयाबाया सांगतील. गेमवाल्याने हिशेब मांडताना निदान खरे कारण तरी खर्चाच्या बाजूला लिहावे.

आता पूर्वपक्षाचा भावनिक गाभा: माहिती द्या, गेम घ्या, गरिबाचा यात फायदाच. हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते गरिबाच्या नावाने केले जाते आणि त्याच्याच विरुद्ध जाते. आयडीचा मुख्य उपयोग व्हेल हुडकण्यासाठी, हे वर आले. मग व्हेल नसलेल्याचा आयडी काय सांगतो? हा फोन वर्षभर गेम खेळतो आणि एक पैसा खर्च करत नाही, एवढेच सांगतो. ते कळताच शहाणा जाहिरातदार बोली खाली आणतो. ओळख लपलेली असेल तर एका भागातल्या, एका तऱ्हेच्या फोनांना त्याला मधला भाव लावावा लागतो. त्यात व्हेलचा भाव उतरतो, बाकीच्यांचा थोडा चढतो. अमेरिकेतला फोन आणि अंबडचा फोन यांत फरक करायला आयडी लागत नाही, तो इंटरनेटच्या पत्त्यावरून कळतोच. तेवढा फरक राहणार. एकूण बेरीज कमी भरू शकते, हेही कबूल. पण जी रक्कम कमी होते, ती मुळात उधळ्यांच्या नावावरची होती. जालन्याच्या पोराने माहिती देऊन जे विकत घेतले म्हणतात, ते म्हणजे स्वतःच्या रिकाम्या खिशाचा दाखला. तो देण्याबद्दल आभार मानावेत, असा हा आग्रह आहे.

दुसरे, हा आयडी माणसाचा नसतो, फोनचा असतो; आणि आपल्याकडे फोन पुष्कळदा घराचा असतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. उरलेल्यांच्या वाट्याला आला तर नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा फोन येतो. सकाळी त्यावर मोसंबी-सोयाबीनचे भाव बघितले जातात, दुपारी मेंदीची डिझाइने आणि भाजणीचे थालीपीठ, संध्याकाळी पोरांचे सबवे सर्फर्स. जाहिरात-जाळ्याच्या लेखी हा सगळा एकच इसम: सोयाबीनच्या भावाने त्रस्त, मेंदीचा शौकीन आणि रेल्वेच्या टपांवरून पळण्यात पटाईत. त्याच्याबद्दलच्या ‘अचूक माहिती’वर धंदा उभा होता आणि गोपनीयतेने तो पाडला, हे ऐकून हसू येते.

हसण्यावारी न्यावे असेही नाही. ज्याचा फोन स्वतःचा, त्याला मागावर आलेली जाहिरात फार तर वैतागवाणी वाटते. सामायिक फोनवर तीच जाहिरात चहाडी करते. बाईने दुपारी गर्भधारणेबद्दल काही शोधले, बापाने कर्ज कुठे मिळेल ते शोधले, आणि संध्याकाळी त्या विषयांच्या जाहिराती लुडोच्या दोन डावांमध्ये सगळ्या घरासमोर उघड्या झाल्या. दार बंद करता येईल अशी खोली ज्या घरात नाही, तिथेच गोपनीयतेची गरज सर्वांत जास्त असते. ती श्रीमंतांची चैन आहे हा दावा २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढेही झाला होता. गोपनीयता ही मूठभर अभिजनांची कल्पना, बहुसंख्य गरिबांना तिच्याशी कर्तव्य नाही, हे म्हणणे न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात स्पष्ट शब्दांत फेटाळले गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयतेला मूलभूत हक्क ठरवले. आठ वर्षांनंतर तोच फेटाळलेला दावा आपण गेमच्या निमित्ताने पुन्हा ऐकतो आहोत.

माग न काढता जाहिरात विकता येते का? जालन्याने हा प्रश्न विचारावा हे थोडे नवलच. हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको उभी केली, आणि पाठोपाठ बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या आल्या. मृग लागण्याआधी कपाशीच्या वाणाची जाहिरात कुठे आणि कधी द्यायची हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. जिल्हा आणि महिना कळला की झाले. मराठी दैनिकांची जिल्हा पाने वर्षानुवर्षे याच हिशेबावर भरली: साड्यांचा सेल, अकरावीचे क्लास, ट्रॅक्टरचे कर्ज. वाचक कोण हे संपादकाला नावानिशी ठाऊक नव्हते आणि जाहिरातदाराने ते विचारलेही नाही. लुडोच्या पटाशेजारी, मराठीत, जून महिन्यात, जालना जिल्ह्यापुरती दिसणारी जाहिरात तितकीच नेमकी असते. मग ती दिसत का नाही, तर नव्या जालन्यातल्या कापड दुकानदाराला लुडोमधली जागा घ्यायची वाटच ठाऊक नाही. मधली सगळी साखळी मोठ्या खरेदीदारांसाठी बांधलेली आहे. हा बाजाराच्या रचनेतला दोष. तो गोपनीयतेच्या माथी मारून काय उपयोग?

इथवर आल्यावर प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा पुढे येतो, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, गोपनीयतेच्या नियमांनी शेवटी धनदांडग्यांचेच भले झाले. छोट्याची माहिती बंद झाली आणि ॲपल-गूगलकडे ती साठून राहिली. हे निरीक्षण बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

जालन्याच्या मोंढ्यात मापाडी वेगळा, आडत्या वेगळा, खरेदीदार वेगळा. काटा धरणाऱ्यानेच माल खरेदी करायचा नाही, ही तिथली साधी रीत, कारण ती मोडली तर वजन कुणाच्या बाजूला झुकेल हे सांगावे लागत नाही. ॲपच्या बाजारात मात्र काटा, दुकान आणि जाहिरातीचा गल्ला एकाच्याच हातात आहेत. ॲपलने इतरांना विचारणा सक्तीची केली, पण स्वतःच्या ॲप स्टोअरमध्ये जाहिराती विकणे चालू ठेवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘फायनान्शिअल टाइम्स’ने ब्रँच या कंपनीच्या आकडेवारीवरून दिलेल्या बातमीनुसार, जाहिरातीवर बोट ठेवल्याने आयफोनवर झालेल्या डाउनलोडपैकी ॲपलच्या स्वतःच्या शोध-जाहिरातींचा वाटा वर्षभरात १७ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेला होता. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये व्हूडू या फुकट गेमच्या मोठ्या कंपनीला संमतीशिवाय माग काढल्याबद्दल ३० लाख युरोंचा दंड केला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निर्णयात त्याच प्राधिकरणाने ॲपललाही ८० लाख युरोंचा दंड ठोठावला. कारण ॲप स्टोअरमधल्या स्वतःच्या जाहिरातींसाठी ॲपलनेही रीतसर संमती घेतली नव्हती. चोर आणि पहारेकरी एकाच दिवशी, एकाच कलमाखाली सापडले.

३१ मार्च २०२५ रोजी फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने या विचारणेच्या पद्धतीवरून ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. त्या निर्णयातला तर्क आपल्या वादाला थेट लागू आहे. माग थांबवण्याचा हेतू आक्षेपार्ह नाही, असे प्राधिकरणाने म्हटले. आक्षेप अंमलबजावणीला होता: इतरांना ग्राहकाकडून दोनदा होकार घ्यावा लागतो, ॲपलला एकदा पुरतो, आणि त्यात छोट्या प्रकाशकांचे सर्वाधिक नुकसान होते. त्याच वर्षी डिसेंबरात इटलीनेही याच कारणाने दंड केला. म्हणजे छोट्यांना मारले ते गोपनीयतेने नव्हे. गोपनीयतेचा नियम लिहिणाऱ्यानेच स्वतःला त्यातून वगळले, त्याने मारले. औषध भेसळीचे निघाले म्हणून आजार बरा करूच नये, असे कुणी म्हणत नाही.

आपल्याकडची गोष्ट याच अंगाने वाचावी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने गूगलविरुद्ध दोन आदेश दिले: अँड्रॉइडच्या मक्तेदारीबद्दल १,३३७.७६ कोटी रुपये आणि प्ले स्टोअरच्या बिलिंग सक्तीबद्दल ९३६.४४ कोटी रुपये दंड. दुसरी रक्कम अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणली. मार्च २०२४ च्या पहिल्या तारखेला शुल्काच्या वादातून गूगलने शादी, नोकरी यांसारखी नावाजलेली भारतीय ॲप्स प्ले स्टोअरमधून काढून टाकली, आणि केंद्र सरकारने डोळे वटारल्यावर काही दिवसांत परत ठेवली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही अवस्था, तर छत्रपती संभाजीनगरात दोन खोल्यांत गेम बनवणाऱ्या चौघांची काय कथा! फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने ‘इंडस ॲपस्टोअर’ हे मराठीसह बारा भारतीय भाषांतले दुकान उघडले. त्याचे मूळ मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या राकेश देशमुख आणि सहकाऱ्यांच्या ‘इंडस ओएस’मध्ये आहे. पण हे दुकान प्ले स्टोअरमधून डाउनलोड करता येत नाही, कारण दुसऱ्या दुकानाला तिथे थारा नाही. वेबसाइटवरून उतरवायला जावे तर फोन धोक्याचा इशारा देतो. जाफराबादचा माणूस इशारा वाचून घाबरतो आणि मागे फिरतो. काही इशारे खरोखर गरजेचे असतात, बनावट कर्ज-ॲप्सनी ते दाखवून दिले आहे. परंतु कोणता इशारा ग्राहकासाठी आणि कोणता दुकानासाठी, हे ठरवणारा तिसरा माणूस जागेवर नाही.

राहता राहिला आपला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. अठरा वर्षांखालच्यांचा माग काढणे, त्यांच्या वागणुकीवर नजर ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना कलम ९ ने मनाई केली आहे. मोडणाऱ्याला २०० कोटींपर्यंत दंड. जाहिरात-गेमांच्या धंद्यावर भारतात खरोखर परिणाम करणारा बदल हाच, आणि तो अजून यायचा आहे. या कायद्यावर माझेही आक्षेप आहेत. बारावीतल्या मुलीला प्रत्येक ॲपसाठी आईवडिलांची पडताळलेली संमती लागावी, हे मुलीच्या गोपनीयतेच्या मुळावर येऊ शकते. पालक खरेच पालक आहे हे पडताळायला आणखी माहिती गोळा होणार. आणि वय तपासण्याचे काम उद्या ॲप स्टोअरच्याच हाती दिले, तर काटा पुन्हा तिकडेच जाईल. पण कलम ९ मधली जाहिरातीची मनाई योग्य आहे. ती जाहिरातीवर बंदी घालत नाही, मुलाच्या मागावर राहून दाखवलेल्या जाहिरातीवर घालते. फोन घराचा असल्यामुळे समोर बाप आहे की पोरगा हे गेमला कळत नाही. मग सुरक्षित मार्ग एकच उरतो, तो म्हणजे जागा, भाषा आणि वेळ पाहून जाहिरात देणे. ज्यांनी ती वाट आजच धरली, त्यांना मे २०२७ ची भीती नाही. संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. तो मराठी माणसाने वापरावा.

तेव्हा निवाडा असा. जिल्ह्यातल्या फुकट गेमला गोपनीयतेने अजून हातही लावलेला नाही. त्याची कमाई कमी आहे ती खेळाडूच्या खिशामुळे, पैशांच्या गेमवरच्या बंदीमुळे आणि दुकानदाराच्या मक्तेदारीमुळे. गेमवाल्यांनी भांडायचे असेल तर स्पर्धा आयोगापुढे भांडावे आणि नियम लिहिणाऱ्यालाही तोच नियम लावून घ्यावा. स्वतःच्या खेळाडूंच्या हक्काविरुद्ध भांडू नये.

आणि वाचकांना एक सांगणे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गूगलवर जा, तिथे जाहिरातींचा पर्याय उघडा आणि जाहिरात आयडी हटवा. काही फोनांत हाच पर्याय गोपनीयतेच्या सदरात सापडतो. जाहिराती त्याने बंद होणार नाहीत, गेमही बंद पडणार नाही.